‘हॅव’ या शब्दाचे काही उपयोग

रासबेरीचा मळा, स्कॉटलंड
२४ मे १९९९

आदरणीय इशेनकुल आगाय,

सलाम. पोचले. विमान उडताना पोट जे गळ्याशी आलं ते अजून पुरतं खाली उतरलेलं नाही. आम्ही सहा जणी एका पत्र्याच्या खोलीत राहतो. खोलीला चाकं आहेत, पण ती कुठे जात नाही. पाच जणी युक्रेनच्या. आमच्या शेतकी कॉलेजातली बाकीची पोरं दुसऱ्या मळ्यावर गेली, त्यामुळे इथे आपली भाषा बोलणारी, मास्तरांना आगाय म्हणणारी मी एकटी. झुडपांशी बोलते. ती मुकाट ऐकून घेतात, आईच्या अगदी उलट.

तुम्ही आठ वर्षं इंग्रजी शिकवलंत आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आमची मुकादमीण डोरीन म्हणाली, “हॅव अ सीट.” तुम्ही शिकवलेलं, हॅव म्हणजे जवळ असणं. मी म्हटलं, माझ्याजवळ खुर्ची नाही, बादली आहे. अख्खा मळा हसला. मग दिवसभर तेच. हॅव अ टी, हॅव अ रेस्ट, हॅव अ लुक. आगाय, यांच्याकडे दुसरं क्रियापदच नाही का? चहा पीत नाहीत, बसत नाहीत, बघत नाहीत. सगळं नुसतं जवळ बाळगतात.

आईला आता अक्षर अजिबात दिसत नाही, म्हणून तुमच्याच पत्त्यावर लिहिते. कुरणावर जाल तेव्हा वाचून दाखवा. सहा जणी एका खोलीत, हे गाळा. आणि ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा. साबण लावू नका.

तुमची,
जिपार


तेरेकसाय, नारीन
२० जून १९९९

प्रिय जिपार,

आशीर्वाद. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी शाळेच्या किल्ल्या परत द्यायला निघालो होतो. हो, निवृत्त झालो. इंग्रजीचा वर्ग तू येईपर्यंत बंद. खडूचा अर्धा डबा उरला होता, तो मागितला तर शिपाई म्हणाला, “घरी कुणाला शिकवणार आगाय? कोंबड्यांना?” मी म्हटलं, त्या तुझ्यापेक्षा लवकर शिकतील.

पोरी, मी बिश्केकला, तेव्हाच्या फ्रुंझेला, इंग्रजी शिकलो तेव्हा आमच्या बाईंनी इंग्रज माणूस पाहिला नव्हता. त्यांच्या गुरूंनीही नव्हता. आंधळ्यांची रांग एकमेकांचा खांदा धरून डोंगर चढते ना, तशी ही भाषा आमच्यापर्यंत चढत आली. त्या रांगेत डोळे उघडणारी तू पहिली. तेव्हा हसतात त्यांना हसू दे.

आता ‘हॅव’. आपण म्हणतो, मला गाय आहे. म्हणजे गाय आपल्या चार पायांवर उभी आहे आणि शेजारी मी. इंग्रज म्हणतो, मी गाय हॅव करतो. गाय त्याच्या मुठीत आली. खुर्ची, चहा, सर्दी, भाऊ, सगळं मुठीत. ज्यांनी अर्धी पृथ्वी घेतली त्यांना हा शब्द लागणारच. तरी मला त्यात एक गरीबपणाही दिसतो. ज्याला गमवायची भीती असते तोच इतक्यांदा म्हणतो, माझ्याजवळ आहे, माझ्याजवळ आहे. तुला आठवतं, शेगडीतल्या शेण्या संपल्या की मी वर्गाला उभं करून कविता म्हणायला लावायचो? कवितेने हात गरम होत नव्हते, पण चाळीस तोंडांची वाफ निघाली की खोली उबदार दिसायची. सगळ्यात मोठी वाफ तुझी.

काल वर कुरणावर जाऊन आलो. तुझी आई साल्किन घोडीचं दूध काढत होती. पत्र वाचून दाखवलं. सहा जणींचं गाळलं, तर म्हणाली, “मास्तर, तुम्ही आत्ता एक ओळ गिळलीत. तुमचा कंठ वाजला.” सांगावंच लागलं. तिचा निरोप, शब्दशः:

“तिला म्हणावं, सहा जणी एका खोलीत म्हणजे पाच जणींची कीव येते मला. मोजे रोज धू. इथे बटाटे काढायला सांगितलं की कंबर दुखायची, आणि आता साहेबाची फळं तोडायला समुद्र ओलांडून गेलीस. शहाणीच आहेस! जेवलीस का विचारत नाही, खादाड मेली, जेवलीच असशील. आणि त्या मुकादमिणीला सांग, पोरीला खुर्ची द्यायची तर आधी खुर्ची दाखव.”

तुझा,
इशेनकुल आगाय


मळा
१२ जुलै १९९९

आदरणीय आगाय,

आईचा निरोप मोठ्याने वाचला आणि युक्रेनच्या पोरींना समजावून सांगितला. ओलेना म्हणते, असली आई मलाही हवी. मी म्हटलं, घेऊन जा, पण परत करता येत नाही.

नवी पंचाईत. डोरीनने विचारलं, “हॅव यू हॅड युवर टी?” एका वाक्यात दोनदा! एक हॅव कमी पडला म्हणून दुसरा लावला? आणि ‘हॅव टू’ म्हणजे करायलाच हवं, हे कुठून आलं? जवळ असण्याचा आणि सक्तीचा काय संबंध? इथे प्रत्येक गोष्ट हॅव टू आहे. पाऊस असला तरी तोडायचं, बोटं सोलली तरी तोडायचं. बरं चाललंय मात्र. काळजी नको.

आईला सांगा, नोव्हेंबरात परवाना संपला की आल्या आल्या तिला बिश्केकला नेणार, डोळे करून आणणार. मग माझी पत्रं तिची ती वाचेल आणि तुमची सुटका होईल. ती म्हणेल, नको, डोळे आले की तुझं तोंड बघावं लागेल. तेव्हा तिला म्हणावं, मी आता आणखी काळी झाले आहे, बघायची मजा येईल.

जिपार


उन्हाळी कुरणावरून
१९ जुलै १९९९

इशेनकुल आगाय यांस अब्दिशचा सलाम.

घोडेस्वाराच्या हाती चिठ्ठी देतोय. माझी ताई साल्किन काल गेली. संध्याकाळी दूध गाळता गाळता छातीला हात लावून बसली. मी धावलो तर मला म्हणाली, “अब्दिश, मला काय बघतोस, गाळणी धर.” एवढंच. उद्या माती. तुम्ही यायला हवं.

जिपारला कळवायचं नाही. सगळ्या थोरांनी बसून ठरवलंय. ती परक्या देशात, खांद्यावर हात ठेवायला आपलं एक माणूस नाही. अशी बातमी कागदावर जात नाही, आपल्यात कधी गेली नाही. नोव्हेंबरात ती येईल तेव्हा आम्ही सगळे वाटेवर उभे राहू, तुम्ही रीतीप्रमाणे कवितेतून, आडून आडून तिच्या कानावर घाला, मग आम्ही तिला सावरू. तोवर तुमची पत्रं थांबता कामा नयेत. ताईचा निरोपही जायला हवा, नाहीतर पोर ओळखेल. तुम्ही कवी माणूस. तुम्हाला काय अवघड?

अब्दिश


तेरेकसाय
१० ऑगस्ट १९९९

प्रिय जिपार,

उत्तराला उशीर झाला. गवत कापणीचे दिवस आहेत, आणि माझी मान जरा अवघडली होती.

तुझा प्रश्न फार सुंदर आहे. हॅव हॅड. त्याकडे मी असा बघतो. पहिला हॅव आत्ता इथे बसलेला आहे, दारात. दुसरा मागे राहिला आहे, दूर कुरणावर. पहिला त्याला हाक मारतो. इंग्रजीत जे होऊन गेलं ते एकदम जात नाही, त्याचा एक हात वर्तमानाच्या दाराला धरलेला असतो. चहा पिऊन झाला तरी त्याची ऊब अंगात आहे, असं सांगायचं असेल तेव्हा हे रूप. आपल्याकडेही आहेच की. आपण म्हणतो ‘जेवून बसलोय’. जेवण झालं, पण बसणं चालू आहे. विद्यापीठात असताना मी या एका रूपावर रात्रभर विचार करत वसतिगृहाच्या पायरीवर बसलो होतो, चिनारांची पानं गळत होती, आणि मला वाटलं होतं की ही भाषा बनवणाऱ्यांना गेलेलं काही सोडवत नसावं.

आता ‘हॅव टू’. जे जवळ आहे त्याचं ओझंही आपलंच, असा संबंध मी लावतो. मेंढ्या असल्या की त्यांना चारायला न्यावंच लागतं. मग ‘हॅव अ कोल्ड’, सर्दी असणं. आपल्याकडे सर्दी माणसाला होते, त्यांच्याकडे माणूस सर्दी बाळगतो. मग ‘हॅव अ ड्रीम’, स्वप्न पडणं. आपलं स्वप्न वरून पडतं, पानासारखं. त्यांचं खिशात असतं. मग ‘हॅव समथिंग डन’, दुसऱ्याकडून करून घेणं. केस कापून घेतले, छत शाकारून घेतलं. यावर वेगळं पान जोडलं आहे, तेही वाच. शिवाय ‘हॅड बेटर’, त्यासाठी आणखी एक पान.

साल्किनचा निरोप:

“माझ्या चांदण्या, तुझ्या वाटेवर वाऱ्यानेही हळू चालावं. डोंगरावरचं पहिलं ऊन तुझ्या कपाळावर पडो. माझी काळजी करू नकोस. डोळ्यांची घाई नाही.”

तुझा,
आगाय


मळा
३१ ऑगस्ट १९९९

आदरणीय आगाय,

धडा पोचला. सात पानं. ओलेनाने पाकीट हातात तोलून विचारलं, काय गं, पुस्तक आलं का?

शाळेत तुम्ही लांब धडा कधी घ्यायचात ते मला आठवतं. परीक्षेचा वाईट निकाल खिशात असला की. आम्ही मागच्या बाकावर म्हणायचो, आगाय आज फुलांबद्दल बोलतायत, म्हणजे निम्मा वर्ग नापास.

आईला माझा सलाम. म्हणावं, एवढं गोड बोलायला कुणाकडून शिकलीस? दोन शिव्या पाठव, इथे थंडी पडायला लागली आहे.

‘हॅड बेटर’ कळलं. धन्यवाद.

जिपार


तेरेकसाय
२० सप्टेंबर १९९९

अब्दिश,

चाळिसाव्या दिवसाचं जेवण व्यवस्थित पार पडलं, तू केलंस तेवढं कोणी करत नाही. पोरीचं पत्र आलं. तिला काही कळलेलं नाही, निश्चिंत राहा. फक्त शिव्या मागते आहे. त्या घालणं मला जमायला हवं. सत्तरीला आलो, आयुष्यात कुणाला मूर्ख म्हटलं असेल तर ते फळ्याकडे तोंड करून. तुझ्या ताईचे दोनचार शब्द आठवत असतील तर कळव.

नोव्हेंबरासाठी कविता जुळवतो आहे. दोन ओळी झाल्या:

विरजण कोण लावील आता, दूध तापून निवले गं,
तंबूच्या दोरीशी वारा कुणाची वाट बघतो गं?

तुझी ताई ऐकती तर म्हणाली असती, “वाऱ्याला काम नाही का मास्तर?”

इशेनकुल


तेरेकसाय
२५ सप्टेंबर १९९९

प्रिय जिपार,

तुझं पत्र वाचून साल्किन हसली. कळप खाली आला आहे, डोंगरावर पहिलं बर्फ दिसतं. ‘हॅव’ची एक गंमत सांगायची राहिली होती: ‘हॅव अ वर्ड’, म्हणजे एखाद्याशी जरा बोलायचं आहे. सगळ्या भाषेतून फक्त एक शब्द मागून घ्यायचा! केवढी नम्रता. पण ही नम्रता बहुधा वाईट बातमीच्या आधी येते, असं ऐकून आहे. तू ऐकलंस का कधी तिथे?

यासोबत आठ वाक्यं भाषांतराला पाठवतो. सावकाश कर.

साल्किनचा निरोप. आज जरा रागात होती:

“जिपार, तू बेफिकीर मुलगी आहेस. तुझ्यात शिस्तीचा अभाव आहे. आरोग्याकडे दुर्लक्ष करू नये. तू गाढव आहेस.”

नोव्हेंबरात कोणत्या दिवशी येणार ते आधी कळव. अब्दिशमामा गाडी घेऊन येईल. तो म्हणतो, आम्ही सगळेच येऊ.

आगाय


मळा
२० ऑक्टोबर १९९९

आदरणीय आगाय,

आईला शिस्तीचा अभाव हा शब्द माहीत नाही. तिला चपलेचा अभाव माहीत आहे, कारण एक माझ्यावर फेकली की ती दुसरी शोधत बसायची. आणि ‘तू गाढव आहेस’ असं ती कधी म्हणत नाही. गाढवाला उगाच का नावं ठेवा, असं म्हणते.

वाचून मी खूप हसले. ओलेनाला वाटलं चांगली बातमी आहे.

मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. चांदण्या वाचलं आणि मी पत्र घडी करून खिशात ठेवलं, संध्याकाळपर्यंत फळं तोडली. एरवी माझ्या टोपलीत पानं येतात म्हणून डोरीन ओरडते. त्या दिवशी एक पान आलं नाही. ती म्हणाली, बघ, जमतंय की तुला.

आगाय, तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. मामानेही नाही. ते तसंच राहू द्या. आपल्याकडे सांगितल्याशिवाय कोणी गेलेलं नसतं. मी इथे पत्र्याच्या भिंतीला तोंड लावून विलाप करू? पाच पोरी उठून विचारतील, डोकं दुखतं का? गोळी देतील. चांगल्या आहेत.

तुम्ही लिहिलंत, आम्ही सगळेच येऊ. मला दिसतंय ते. मामा काठीवर वाकून उभा, माम्या हंबरडा फोडत धावतायत आणि तुमचा हात माझ्या खांद्याकडे येतोय. तो हात पडेपर्यंत आई कुरणावर आहे. दूध गाळते आहे, मला नावं ठेवते आहे. त्या हाताखाली यायला मला जमणार नाही. म्हणून मी येत नाही. परवाना संपला की ओलेनाची एक ओळखीची लंडनला आहे, तिच्याकडे जाईन. कागद नसतील. नसू देत.

डोळे करायचे म्हणून आले होते. आता काय करायचं राहिलं, ते मला सुचत नाही.

मला सांगू नका. धडे पाठवत जा. आईचा निरोप मात्र लिहू नका. तुम्हाला येत नाही.

जिपार


तेरेकसाय
१८ नोव्हेंबर १९९९

जिपार,

अठ्ठेचाळीस ओळींची कविता तयार आहे. अब्दिशच्या बायकोला म्हणून दाखवली तर तिने रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. ती पाठवत नाही. ती ऐकायची असते, आणि ऐकताना धरायला माणूस लागतो. तू आम्हाला ते करू देत नाहीस, म्हणून रीत मोडतो आणि साधं लिहितो.

तुझी आई अठरा जुलैला संध्याकाळी गेली. दूध गाळत होती. त्रास थोडा झाला. शेवटी मामाला म्हणाली, मला काय बघतोस, गाळणी धर. त्याने धरली. दूध सांडलं नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तुझ्या वडिलांशेजारी तिला ठेवलं आहे. ऑगस्टपासूनचे निरोप मी लिहिले. ते वाईट होते.

माम्यांनी तंबूत भिंतीकडे तोंड करून विलाप गायला. चांगला गायला, पण मुलीचा विलाप मुलीनेच गायचा असतो. तुझी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. येत्या जुलैत वर्षाचं जेवण आहे. त्या दिवशी काळे कपडे उतरतात आणि त्यानंतर तिच्यासाठी मोठ्याने रडणं संपतं, कोणालाच ते करता येत नाही. तुलाही नाही. त्याआधी ये. दंड होवो, तुरुंग होवो, ये.

इशेनकुल


लंडन
६ मार्च २०००

आदरणीय आगाय,

तुमचं नोव्हेंबरचं पत्र ओलेनाने इकडे पाठवलं. ते मी उघडलेलं नाही.

पाकीट पातळ होतं. जाड पत्र आलं की मला कळतं, तुम्ही काहीतरी लपवताय. पातळ म्हणजे लपवायचं संपलं. म्हणून उशीखाली ठेवलं, मग पेटीत ठेवलं. खोली बदलली तेव्हा पेटीतून काढून कोटाच्या अस्तरात घातलं. फेकलं नाही आणि उघडलंही नाही.

इथे मी पहाटे कचेऱ्या झाडते. कोणी नसतं. टेबलांवर लोकांच्या आयांचे फोटो असतात, ते पुसून होते तसे परत ठेवते. परवा एक फोटो पुसताना तोंड उघडलं, गाता येतं का बघावं म्हणून. आपल्याकडच्या विलापाची पहिली ओळ ओठावर होती, माम्या गातात ती. आवाज आला नाही. बादली उचलली आणि पुढच्या खोलीत गेले.

इंग्रजी आता चांगलं येतं. शंका काही नाहीत. त्यामुळे लिहायला विषय उरला नाही.

तब्येत जपा.

जिपार


तेरेकसाय
२३ जुलै २०००

प्रिय जिपार,

हे पाकीट जाड आहे. मागे ‘हॅव’ची दहा पानं जोडली आहेत, जुन्या वह्यांमधून उतरवलेली, सगळी तुला माहीत असलेली. ती वाचू नकोस. तू उघडावंस म्हणून घातली आहेत. फसवलं, माफ कर. तुला दुसऱ्या कुठल्या दाराने हाक मारावी ते मला कळेना.

काल वर्षाचं जेवण झालं. दरीतून सगळे आले होते, नारीनहून तुझ्या वडिलांकडचेही. अब्दिशने घोडी कापली, ती तुझी तांबडी नव्हे, दुसरी. सकाळपासून तो वाटेकडे बघत होता. मला दोनदा म्हणाला, “आगाय, नारीनहून बस कितीला येते हो?” बस येऊन गेलेली त्यालाही माहीत होती.

तंबूत माम्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. या खेपेलाही मधे एक जागा सोडली होती. एका लहान पोरीने तिथे जाऊन बसायचा हट्ट धरला, तिला उचलून बाहेर आणलं. गाणं झालं. मग कोणीतरी पुरुषांतून विचारलं, मुलीकडून काही आलंय का? मग दुसरा म्हणाला, “विलायतेत गेली की आई कशाची आठवतेय!” अब्दिशची मान खाली गेली. त्याला मी वर्षभर सांगत आलो होतो की तू येणार आहेस. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण तुझी पत्रं माझ्याकडे येतात हे सगळ्यांना माहीत.

मी उठलो. कोटाच्या खिशात निमंत्रितांना वाटायच्या साखरेचा कागद होता, रिकामा. तो काढला, चष्मा लावला, आणि वाचू लागलो.

काय वाचलं ते नीटसं आठवत नाही. आई, मी पोचू शकले नाही, असं सुरू केलं. तुझे डोळे करायला गेले आणि तुझं मिटणं मला बघता आलं नाही. परक्याच्या टेबलावर दुसऱ्यांच्या आया पुसते. बोलता बोलता ते विलापात कधी गेलं ते मलाही समजलं नाही. पुरुषाने तो गायचा नसतो. पण मी गात नव्हतो ना, पत्र वाचत होतो. भिंतीकडे तोंड केलेल्या बायका माझ्याकडे वळल्या. तुझी थोरली मामी ओरडली, “अगं माझ्या पोरी!” आणि मग सगळा तंबू रडला. आई कशाची आठवतेय म्हणणारा सगळ्यात जास्त रडला. अब्दिशने माझ्या हातावर डोकं टेकलं. म्हणाला, “आता ताईला मिळालं तिचं.”

साल्किनचा आवाज मला चार ओळी काढता आला नाही. तू लगेच पकडलंस. तुझा आवाज मी अर्धा तास काढला आणि दीडशे माणसांत एकानेही म्हटलं नाही की ही जिपार नव्हे. पकडणारी एकच होती, ती ओढ्याच्या वर आहे. बाकी कोणाला आता तू कशी बोलायचीस ते ठाऊक नाही. मी रात्रीपासून त्याचाच विचार करतो आहे.

मग माम्यांनी काळे रुमाल उतरवले आणि पांढरे बांधले. मौलवींनी दुआ मागितली. पोरांनी घोड्यांची शर्यत लावली. तुझ्या वाटचं रडणं झालं असं सगळ्यांनी मानलं आहे, आणि रीत म्हणते की जे झालं ते पुन्हा करता येत नाही. मी तुझ्यासाठी एक जागा राखायला उभा राहिलो होतो, आणि मीच ती भरून टाकली.

तेव्हा आता तू कधीही ये. भिण्यासारखं काही उरलेलं नाही. वाटेवर कोणी उभं नसेल. मामा चहा टाकेल, माम्या विचारतील, प्रवास कसा झाला. तुला कोणी काही सांगणार नाही.

इशेनकुल